उसनी गाणी आणि चोख हिशेब

दुसऱ्याचे गाणे आपण गावे काय? गावे, खुशाल गावे. लग्नात, जयंतीत, सहलीच्या गाडीत आपण दुसरे करतो तरी काय? प्रश्न गाण्याचा नाहीच, वाचकहो. तो सुरू होतो त्या गाण्याची तबकडी निघून बाजारात गेली म्हणजे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि पैसे पडतात कोणाच्या खात्यावर? आम्ही पडलो कारकून, त्यातून वाणिज्य शाखेचे. गाणे ऐकताना मान डोलते, पण डोळा मात्र वेष्टनावरच्या बारीक अक्षरांकडे जातो. अशाच एका इंग्रजी तबकडीवर आठ गाणी आहेत आणि आठांपैकी एकाही गाण्यापुढे कवी किंवा संगीतकार म्हणून त्या बँडमधल्या कोणाचे नाव नाही. सगळी नावे परकी. ती वाचत वाचत आम्ही आठव्या गाण्यापाशी आलो आणि तिथेच अडलो.

तबकडीचे नाव 'फीडबॅक'. काढणारा बँड 'रश', कॅनडातील टोरंटो शहराचा. २९ जून २००४ रोजी ती बाजारात आली. आठही गाणी मिळून जेमतेम सत्तावीस मिनिटे. हा बँड मुळात लांबलचक आणि अवघड रचनांसाठी ओळखला जाणारा. १९७६ साली '२११२' नावाच्या तबकडीची एक अख्खी बाजू, म्हणजे वीस मिनिटे, त्यांनी एकाच रचनेला दिली होती. शिवाय दुसऱ्याची गाणी ध्वनिमुद्रित करण्याची त्यांना सवय नव्हती. १९७३ साली पहिली छोटी तबकडी काढली तेव्हा बडी हॉली यांचे एक गाणे घेतले होते, त्यानंतर जे काढले ते स्वतःचे. मग पन्नाशीला टेकलेल्या या तीन वादकांना २००४ साली तीन-तीन मिनिटांची जुनी, साधी गाणी घेऊन बसावेसे का वाटले?

याचे सरळ कारण म्हणजे, तिघे एकत्र आल्याला तीस वर्षे पूर्ण होत होती. गेडी ली गाणार आणि बेस गिटार वाजवणार, अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर आणि नील पिअर्ट ड्रमवर, ही जोडणी जुलै १९७४ मध्ये जमली. पिअर्ट त्या वेळी वडिलांच्या शेती अवजारांच्या दुकानात सुट्या भागांचे काउंटर सांभाळत होते. बँडमध्ये आल्यावर पंधराच दिवसांत त्यांना पिट्सबर्गच्या मोठ्या सभागृहात हजारो लोकांसमोर बसावे लागले. तीस वर्षांनी मागे वळून पाहताना तिघांनी ठरवले की आपण तेरा-चौदा वर्षांचे असताना, १९६६-६७ च्या सुमारास, जी गाणी रेडिओवर ऐकून बोटे दुखेपर्यंत घोटली, ती आज वाजवायची. पिअर्ट यांनी तबकडीसोबतच्या टिपणात हे लिहून ठेवले आहे.

पण तीस वर्षांचा हिशेब एवढा सोपा नव्हता. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पिअर्ट यांची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने गेली. बँड थांबला तो जवळजवळ संपल्यातच जमा होता. हा गृहस्थ मोटारसायकलवर बसून निघाला आणि पंचावन्न हजार मैल हिंडला. पुढे परत आला, नवी तबकडी २००२ मध्ये निघाली, ती मोठ्या कष्टाने. म्हणजे २००४ साली ही तीन माणसे पुन्हा एका खोलीत बसून पोरवयातली गाणी वाजवत होती, यालाच काही अर्थ होता. नवे शब्द लिहायचे नाहीत, नवी चाल बांधायची नाही. वाजवायचे तेवढे.

आणि ही पोरे तरी कोणाची? गेडी ली यांचे खरे नाव गॅरी वाइनरिब. आईवडील पोलंडचे ज्यू, कोवळ्या वयात ऑशविट्झची छळछावणी भोगून वाचलेले. आईच्या पोलिश उच्चारात 'गॅरी'चा 'गेडी' होई, मित्र तसेच हाक मारू लागले, आणि तेच नाव पुढे जगभर गेले. मुलगा बारा वर्षांचा असताना, १९६५ साली, वडील वारले. आईने दुकान चालवून घर उभे ठेवले. घरातल्या धर्मरिवाजाप्रमाणे दुखवट्याच्या महिन्यांत त्याला संगीत वर्ज्य होते. ते महिने सरतात न सरतात तोच या गाण्यांचे दिवस सुरू होतात! लाइफसन यांचे आईवडील युगोस्लाव्हियातून आलेले सर्ब. आडनाव झिवोयिनोविच. त्याचा अर्थ जीवनाचा पुत्र, म्हणून इंग्रजीत 'लाइफसन'. आडनाव हा काय प्रकार असतो, ते कोणी कशासाठी बदलतो, हे आमच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगावे असे नाही. शाळेत हे दोघे मित्र झाले, ते परक्या देशातून आलेल्या कष्टकऱ्यांची मुले म्हणून. वर्गातल्या प्रतिष्ठित पोरांत त्यांना जागा नव्हती. गिटार मात्र सगळ्यांना सारखी.

आता गाणी. सगळी सांगत बसत नाही. 'समरटाइम ब्लूज' हे साठीच्या दशकातले म्हणून घेतले असले, तरी मुळात १९५८ चे, एडी कॉक्रन आणि जेरी केपहार्ट यांचे. साठीत त्याला 'ब्लू चीअर' आणि 'द हू' यांनी दणदणीत रूप दिले. विषय काय, तर उन्हाळ्यात नोकरी करणारा पोरगा, साहेब जादा वेळ थांबवतो, घरी गाडी मिळत नाही, आणि लोकप्रतिनिधीकडे तक्रार न्यावी तर तो म्हणतो, तुझे मतदानाचे वय नाही. गाणे थट्टेचे आहे, पण त्या वेळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मतदानाचे वय खरोखरच एकवीस होते, ते १९७१ च्या घटनादुरुस्तीने अठरावर आले. आपल्याकडे हेच १९८९ साली झाले. कॉक्रन स्वतः एकविसाव्या वर्षीच, १९६० मध्ये, इंग्लंडात मोटार अपघातात गेले.

'हार्ट फुल ऑफ सोल' हे १९६५ चे गाणे 'यार्डबर्ड्स' या इंग्रज बँडचे. लिहिणारा ग्रॅहम गोल्डमन, मँचेस्टरकडचा, अजून विशीही न गाठलेला पोरगा. या गाण्याच्या सुरुवातीच्या सुरावटीसाठी लंडनच्या स्टुडिओत चक्क सतारवादक बोलावला होता. पण सतारीचा आवाज त्यांना हवा तितका भरदार लागेना. तेव्हा जेफ बेक यांनी गिटारीला आवाज फाटका करणारे यंत्र जोडून तीच सुरावट वाजवली आणि ती कायम झाली. त्या सतारवादकाचे पुढे काय झाले, त्याला बिदागी काय मिळाली, असले प्रश्न आमच्यासारख्याच्याच डोक्यात येणार!

'फॉर व्हॉट इट्स वर्थ' हे स्टीफन स्टिल्स यांचे गाणे पुष्कळांना व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे वाटते. निमित्त मात्र वेगळे होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिप भागात तरुणांवर रात्रीची संचारबंदी लादली गेली, तिच्यावरून पोलिस आणि पोरे यांच्यात झटापटी झाल्या, त्यातून ते सुचले. 'द सीकर' हे गाणे तर १९७० चे. साठीच्या खात्यात सत्तरची नोंद! कोणी लेखापरीक्षक असता तर लाल शेरा मारला असता. असो. 'सेव्हन अँड सेव्हन इज' हे १९६६ चे, आर्थर ली या कृष्णवर्णीय गायकाचे. त्यांचा 'लव्ह' हा बँड गोऱ्या-काळ्यांचा मिळून होता, आणि त्या काळी रॉक संगीतात असे बँड थोडेच होते. आर्थर ली पुढे शस्त्राच्या गुन्ह्यात, तीनदा दोषी ठरला तर जबर शिक्षा देणाऱ्या कायद्याखाली, कित्येक वर्षे तुरुंगात होते. २००१ च्या अखेरीस सुटले, २००६ मध्ये वारले. म्हणजे 'फीडबॅक' निघाली तेव्हा ते बाहेर होते आणि गात होते.

आता हिशेबाचे. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने अशी सोय केली की एखादे गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले, म्हणजे ते दुसरा कोणीही आपल्या आवाजात मुद्रित करू शकतो. रचनाकार 'नको' म्हणू शकत नाही. मात्र विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे ठरावीक रक्कम रचनाकाराला दिलीच पाहिजे. हेतू असा की एकाच बड्या कंपनीने सगळी गाणी दाबून ठेवू नयेत. दर होता दोन सेंट. आणि तो १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत दोन सेंटच राहिला! आम्ही नोकरदार माणसे वर्षातून दोनदा महागाई भत्त्याकडे डोळे लावून बसतो. या गीतकारांनी अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षे एका दरावर काढली. पुढे दर वाढत गेला. २००४ साली पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला साडेआठ सेंट होता. 'फीडबॅक'मधली आठही गाणी पाच मिनिटांच्या आतली. म्हणजे कायद्याच्या दराने अमेरिकेत विकलेल्या एका तबकडीमागे अडुसष्ट सेंट रचनाकारांचे. एक लाख तबकड्या खपल्या असे धरले तर एकेका गाण्यामागे साडेआठ हजार डॉलर होतात. त्यात प्रकाशकाचा वाटा असतो, तो वजा जातो.

यातली एक मेख ध्यानात घ्यावी. पैसे मिळतात ते रचणाऱ्याला, आधी गाजवणाऱ्याला नाही. रशने 'समरटाइम ब्लूज' वाजवले ते ब्लू चीअर आणि द हू यांच्या वळणावर, पण त्याचे सेंट जाणार कॉक्रन-केपहार्ट यांच्या खात्यावर. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती. कॅसेटच्या जमान्यात गाजलेल्या सिनेगीतांची 'व्हर्जन' कॅसेट निघायची, ती याच सोयीवर. वेष्टनावर सिनेमाचे नाव ठसठशीत, आणि खरे गाणाऱ्या नव्या मुलाचे किंवा मुलीचे नाव भिंग घेऊन शोधावे लागे. घरी आणून लावली की आवाज भलताच! २०१२ च्या दुरुस्तीने हे आवळले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबायचे, दर वर्षी निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी धरायची, शब्द-चालीत परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही, आणि ही कव्हर व्हर्जन आहे असे वेष्टनावर स्पष्ट छापायचे.

आता आठवे गाणे. नाव 'क्रॉसरोड्स', म्हणजे चौरस्ता. रशने घेतले ते 'क्रीम' या इंग्रज बँडच्या १९६८ च्या वादनावरून. एरिक क्लॅप्टन यांची त्यातली गिटार जगभरच्या पोरांनी घोटली, त्यांत टोरंटोची ही पोरेही आली. पण तबकडीवर नाव आहे रॉबर्ट जॉन्सन. हा माणूस साठीच्या दशकातला नव्हेच.

जॉन्सन मिसिसिपीचा. १९११ च्या सुमाराचा जन्म. कापसाच्या मळ्यांचा मुलूख, जमीन गोऱ्या मालकाची, काळ्या कुटुंबांनी वाट्याने कसायची आणि वर्षअखेरीस मालकाच्या वहीत आपल्याच नावावर बाकी निघालेली पाहायची. कोवळ्या वयात लग्न झाले, पत्नी बाळंतपणात गेली. मग गिटार घेऊन गावोगाव हिंडू लागला. नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनियो शहरात एका हॉटेलच्या खोलीत आणि जून १९३७ मध्ये डॅलसला, असे दोनदा त्याचे ध्वनिमुद्रण झाले. एकूण एकोणतीस गाणी. मोबदला एकरकमी, रॉयल्टी नाही. १६ ऑगस्ट १९३८ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो ग्रीनवुड गावाजवळ मेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिले आहे, डॉक्टर नाही. त्याच्या थडग्याच्या जागा आज तीन सांगितल्या जातात, तिन्ही ठिकाणी शिळा आहेत.

या माणसाबद्दल एक गोष्ट फार रंगवून सांगतात की मध्यरात्री चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात वादनाची विद्या घेतली. ही कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जात होती. नामसाम्याचा घोळ! आम्हांला ही भाकडकथा मुळीच आवडत नाही. माणसाने मेहनतीने विद्या मिळवली की ती त्याची नव्हे, कोणा दैवी किंवा आसुरी शक्तीची, असे म्हणायची खोड जगात सगळीकडे दिसते, आणि ती विशिष्ट माणसांच्याच बाबतीत दिसते. गाण्यात सैतान नाहीच. गाण्यात आहे तो दिवस मावळताना चौरस्त्यावर उभा राहिलेला काळा माणूस. तो जाणाऱ्या गाड्यांना हात करतो आणि त्याला कोणी घेत नाही. त्या काळी दक्षिणेत अंधार पडल्यावर परक्या गावच्या रस्त्यावर सापडलेल्या काळ्या माणसाचे काय होऊ शके, हे ठाऊक असेल तर भीतीचे कारण शोधायला सैतानापर्यंत जावे लागत नाही. काही अभ्यासकांनी त्या गाण्याचा असाच अर्थ लावला आहे आणि आम्हांला तो पटतो.

१९६१ साली कोलंबिया कंपनीने त्याची जुनी गाणी एका मोठ्या तबकडीत काढली. इंग्लंडातल्या तरुणांनी ती ऐकली आणि तिथून साठीच्या दशकातील रॉक संगीताला एक मोठी रसद मिळाली. क्रीमने श्रेय जॉन्सनला दिले होते, हे नमूद केले पाहिजे. पण सर्वांनीच तसे केले नाही. रोलिंग स्टोन्सने १९६९ मध्ये त्याचे 'लव्ह इन व्हेन' घेतले, तेव्हा तबकडीवर रचनाकार म्हणून वुडी पेन असे भलतेच नाव लागले. पुढे त्यावरून कोर्टबाजी झाली. पलीकडच्या बाजूचे म्हणणे असे की त्या जुन्या तबकड्या तीसच्या दशकात उघड विकल्या गेल्या, कॉपीराइटची नोंद झाली नाही, तेव्हा गाणी सार्वजनिक झाली. २००० साली अपील कोर्टाने ते मानले नाही. तबकडी विकली म्हणजे गाणे प्रकाशित झाले असे होत नाही, हक्क शाबूत आहेत, असा निकाल दिला.

हक्क शाबूत, पण कोणाचे? जॉन्सन मृत्युपत्र न करता गेलेला. १९७४ साली स्टीव्ह लाव्हेअर नावाच्या संशोधक-व्यापाऱ्याने त्याच्या सावत्र बहिणीशी निम्म्या-निम्म्याचा करार करून हक्क सांभाळायला घेतले होते. १९९० मध्ये सगळी गाणी एकत्र निघाली, धो धो खपली, आणि रक्कम साचू लागली. तेव्हा पुढे आला क्लॉड जॉन्सन, मिसिसिपीतल्या क्रिस्टल स्प्रिंग्ज गावचा, आयुष्यभर खडीचा ट्रक चालवलेला माणूस. जन्म १९३१ चा, लग्नाबाहेरचा. जन्माच्या दाखल्यावर बापाचे नाव आर. एल. जॉन्सन, धंदा मजूर. एवढाच कागद! बापाला त्याने लहानपणी एकदा पाहिल्याचे सांगितले. आजी-आजोबा धार्मिक, सैतानाचे संगीत वाजवणाऱ्याला घरात घेईनात. बाप अंगणात उभा, पोरगा दारात, आणि मध्ये थोडेसे अंतर. त्यानंतर भेट नाही.

कोर्टात आईच्या एका वृद्ध बालमैत्रिणीने त्या दोघांच्या संबंधाची प्रत्यक्ष साक्ष दिली. सावत्र बहिणीच्या वारसांनी हरकत घेतली होती. १९९८ साली निकाल क्लॉडच्या बाजूने लागला, आणि २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. रॉबर्ट जॉन्सनचा एकमेव वारस म्हणून त्याला मिळालेली रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली. वारसदाखल्यासाठी तहसील कचेरीचे उंबरे झिजवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहिलो आहोत. मजूर या एका शब्दाच्या आधारावर साठी ओलांडलेला ट्रकचालक खटला जिंकतो, हे वाचून आम्ही तो कागद डोळ्यांसमोर आणून पाहिला. त्या रकान्यात १९३१ साली ज्या कोणा कारकुनाने नाव टिपले, त्याने हयगय केली असती तर?

२००४ च्या उन्हाळ्यात रशचा तिसाव्या वर्षाचा दौरा निघाला. कार्यक्रमाच्या शेवटी, लोकांनी पुन्हा बोलावल्यावर, तिघे 'समरटाइम ब्लूज' वाजवत आणि त्याला जोडून 'क्रॉसरोड्स'. छळछावणीतून वाचलेल्या आईवडिलांचा मुलगा मिसिसिपीच्या शेतमजुराचे गाणे गात होता, आणि खाली हजारो माणसे उभी होती. सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले, ते आजही पाहायला मिळते. नील पिअर्ट जानेवारी २०२० मध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेले. क्लॉड जॉन्सन २०१५ मध्ये गेले. पण त्या दौऱ्याच्या वेळी ते बहात्तर वर्षांचे होते, क्रिस्टल स्प्रिंग्जलाच राहत होते, आणि साडेआठ सेंटांतला त्यांचा वाटा त्यांच्या नावावर जमा होत होता.